पिण्याच्या पाण्यातील घातक रसायनांची तपासणी: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पाणी नितळ दिसते, त्याला वास नाही आणि चवही चांगली आहे, एवढ्यावरून ते पिण्यायोग्य आहे असे बहुतेक जण मानतात. आर्सेनिक, शिसे, फ्लोराइड आणि नायट्रेट हे चारही पदार्थ शरीराला घातक ठरण्याइतक्या प्रमाणात पाण्यात असले, तरी त्यांचा रंग, वास किंवा चव जाणवत नाही. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून, उघड्या तळ्यांतील पाण्यामुळे होणारे रोग टाळावेत या सद्हेतूने लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यांचे पाणी जंतूंच्या दृष्टीने बरेच सुरक्षित होते, परंतु त्यात आर्सेनिक आहे का, हे कोणी तपासले नव्हते. १९९३ मध्ये तेथील भूजलात आर्सेनिक आढळले आणि दशकअखेरीस त्या संकटाचा आवाका समोर आला, तोपर्यंत असंख्य कुटुंबे ते पाणी वर्षानुवर्षे पीत होती.

नवख्या माणसाने सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्यावी. ‘हे पाणी चांगले आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर कोणतीही एक चाचणी देत नाही. प्रयोगशाळा तेच मोजते जे मोजायला तुम्ही सांगता, आणि ज्या पदार्थाचे नाव अर्जात नाही तो पाण्यात कितीही असला तरी अहवालात येत नाही. म्हणून काय तपासायचे हे ठरवणे आणि नमुना नीट घेणे, ही तुमच्या वाट्याची दोन कामे यंत्रावरील मोजणीइतकीच महत्त्वाची आहेत, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यांच्यासाठीच आहे.

पहिली पायरी: पाणी कोठून येते हे लिहून काढा

एका कागदावर पाण्याचा पूर्ण प्रवास लिहा: स्रोत कोणता, विंधन विहीर असेल तर तिची खोली किती, पाणी कोणत्या टाकीत साठते, नळ आणि वाहिन्या कोणत्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या आहेत, त्या साधारण किती जुन्या आहेत, आणि वाटेत गाळण किंवा शुद्धीकरण यंत्र आहे का. स्रोताच्या आसपास शेती, गोठे, शोषखड्डे, कारखाने, इंधनाच्या भूमिगत टाक्या, खाणी किंवा कचऱ्याचे ढीग असतील, तर त्यांचीही नोंद करा.

शेजाऱ्याच्या विहिरीचा अहवाल स्वतःसाठी वापरू नका. आर्सेनिकच्या बाबतीत तर काही मीटर अंतरावरच्या, किंवा जवळजवळ असूनही वेगळ्या खोलीच्या दोन विहिरींच्या पाण्यात मोठा फरक आढळतो, कारण पाणी कोणत्या थरातून येते यावर सारे अवलंबून असते.

दुसरी पायरी: काय तपासायचे त्याची यादी करा

सर्व रसायने तपासणे कोणालाच शक्य नसते आणि त्याची गरजही नसते. यादी स्रोतावरून ठरते.

पाणी जमिनीखालून येत असेल, तर आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट आणि मँगनीज हे चार पदार्थ यादीत असलेच पाहिजेत असे माझे ठाम मत आहे, आणि ग्रॅनाइटसारखा कठीण खडक असलेल्या भागात त्यांत युरेनियमची भर घालावी. आर्सेनिक, फ्लोराइड आणि युरेनियम बहुधा खडकातून किंवा गाळाच्या थरांतून नैसर्गिकरीत्या पाण्यात उतरतात, त्यामुळे आसपास एकही कारखाना नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. नायट्रेट मुख्यतः खते, शेण आणि सांडपाणी यांतून झिरपते. उथळ विहिरीत ते जास्त आढळले, तर मैलापाणीही त्याच वाटेने येत असल्याची शक्यता गृहीत धरावी.

पाणी सार्वजनिक नळाने येत असेल आणि इमारत जुनी असेल, तर यादीत शिसे सर्वांत वर ठेवा. शिसे सहसा मूळ स्रोतात नसते. ते शिशाच्या जुन्या वाहिन्या, डाख आणि पितळी तोट्या यांतून पाण्यात उतरते. त्यामुळे शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेले पाणी निर्दोष असूनही तुमच्या पेल्यातील पाणी दूषित असू शकते. अमेरिकेतील फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि वाहिन्यांची झीज रोखणारी प्रक्रिया केली गेली नाही, तेव्हा वाहिन्यांतील शिसे घराघरांत पोहोचले. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते आणि त्याची पूर्णपणे निर्धोक अशी कोणतीही पातळी आजवर सापडलेली नाही.

कारखाने, खाणी किंवा धातूचा मुलामा देण्याचे उद्योग जवळ असतील, तर कॅडमियम, क्रोमियम आणि पारा जोडा. पाण्याला इंधनाचा वास येत असेल किंवा भूमिगत इंधनटाकी जवळ असेल, तर बेंझिनसारखी बाष्पशील (सहज वाफ होऊन उडून जाणारी) सेंद्रिय संयुगे तपासा. फवारणी होणाऱ्या शेताजवळ कीटकनाशके तपासावीत, मात्र तेथे ‘सर्व कीटकनाशके’ असे मोघम लिहू नका. त्या भागात प्रत्यक्ष कोणती वापरली जातात हे विचारून त्यांची नावे द्या, कारण प्रत्येक गटाची तपासपद्धत वेगळी असते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. हा लेख रसायनांविषयीचा आहे, पण रासायनिक अहवाल निर्दोष आला तरी जंतूंची तपासणी वेगळी करावीच लागते. मैलाजन्य जंतूंचा धोका तात्काळ असतो, तर बहुतेक रसायनांचा परिणाम वर्षानुवर्षांच्या सेवनाने होतो.

तिसरी पायरी: किट की प्रयोगशाळा हे ठरवा

सर्वांत मोठा गैरसमज टीडीएस मीटरविषयी आहे. हे छोटे उपकरण पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते. आर्सेनिक आणि शिसे यांचे मार्गदर्शक मूल्य मात्र १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर, म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग इतके आहे. शेकडो मिलिग्रॅम कॅल्शियम, सोडियम आणि बायकार्बोनेटच्या आकड्यात हा सूक्ष्म अंश दिसणे अशक्य आहे. टीडीएस ८० असलेले पाणी विषारी आणि ६०० असलेले निरुपद्रवी असू शकते. या आकड्यावरून पाण्याच्या सुरक्षिततेचा निर्णय कधीही घेऊ नये.

घरी वापरता येणाऱ्या रंगबदल किटचा उपयोग प्राथमिक चाळणीसाठी होतो. नायट्रेटच्या पट्ट्या त्या कामाला पुरेशा चांगल्या असतात. आर्सेनिकच्या किटमध्ये जस्ताची पूड आणि आम्ल यांमुळे पाण्यातील आर्सेनिकचे आर्सिन वायूत रूपांतर होते आणि तो वायू मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदाला पिवळा ते तपकिरी रंग देतो. आर्सिन विषारी आहे आणि त्या कागदात पारा असतो, म्हणून ही चाचणी मोकळ्या हवेत करावी, मुलांना दूर ठेवावे आणि वापरलेल्या पट्ट्या किटच्या सूचनेप्रमाणे वेगळ्या साठवून घातक कचरा स्वीकारणाऱ्या व्यवस्थेकडे द्याव्यात. पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर त्यातील हायड्रोजन सल्फाइड कागदावर खोटा रंग आणू शकतो. फ्लोराइडच्या रंगचाचण्यांत ॲल्युमिनियमसारखे घटक अडथळा आणतात. शिशाच्या घरगुती पट्ट्यांवर मी विसंबून राहण्याचा सल्ला देणार नाही. शिसे अनेकदा सूक्ष्म कणांच्या रूपात असते आणि मोजायची पातळीही फार खालची असते.

किट वापरताना मुदत तपासा, सांगितलेला वेळ घड्याळ लावून पाळा आणि रंग दिवसाच्या उजेडात, शक्यतो दोघांनी मिळून वाचा. उत्तर मर्यादेच्या आसपास आले, किंवा त्यावरून विहीर बंद करण्याचा अथवा खर्चिक यंत्र बसवण्याचा निर्णय होणार असेल, तर प्रयोगशाळेची खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रयोगशाळा निवडताना तिला आयएसओ/आयईसी १७०२५ या, चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता आहे का, हे विचारा. एवढ्यावर थांबू नका. मान्यता संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट चाचण्यांपुरती असते आणि त्यांची यादी मान्यतापत्रासोबत जोडलेली असते. तुमच्या यादीतील प्रत्येक पदार्थ पिण्याच्या पाण्यासाठी तिच्यात आहे का, ते पाहा. दुसरा प्रश्न असा विचारा: या पद्धतीने तुम्ही खात्रीने मोजू शकता ते सर्वांत कमी प्रमाण किती? आर्सेनिकसाठी उत्तर ५० मायक्रोग्रॅम असे आले, तर ती चाचणी तुमच्या उपयोगाची नाही, कारण १० आणि ५० यांच्या मधले सारे धोकादायक पाणी तिच्या दृष्टीने ‘आढळले नाही’ ठरेल. धातूंसाठी आयसीपी-एमएस हे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारे यंत्र वापरले जात असेल, तर ही अडचण सहसा येत नाही.

चौथी पायरी: बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्या

घरातली रिकामी पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली वापरू नका. प्रत्येक पदार्थासाठी पात्र आणि टिकवण्याची पद्धत वेगळी असते. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली लागते आणि पाण्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके पाणी आम्लधर्मी) २ च्या खाली आणला जातो, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात. लोहयुक्त भूजलात हे आणखी महत्त्वाचे आहे: हवा लागताच लोह गंजाच्या रूपाने खाली बसते आणि आर्सेनिकलाही सोबत घेऊन जाते, मग वरच्या पाण्यात ते खरे असते त्यापेक्षा कमी मोजले जाते. नायट्रेटचा नमुना आम्लाविना थंड ठेवून ४८ तासांच्या आत तपासायचा असतो, कारण उबदार बाटलीत जिवाणू त्याचे प्रमाण बदलतात. फ्लोराइडसाठी प्लास्टिकच वापरतात, काचेशी त्याची प्रक्रिया होऊ शकते. उलट कीटकनाशकांसाठी गडद रंगाची काच लागते.

काही बाटल्यांत आम्ल आधीच घातलेले असते. ती बाटली विसळू नका, वाहून जाईल इतकी भरू नका आणि आतील द्रव त्वचेला लागू देऊ नका.

पाचवी पायरी: नमुना घेणे

बहुतेक फसवे अहवाल याच टप्प्यावर जन्माला येतात, म्हणून येथे घाई करू नये. नमुना घेण्यापूर्वी हात धुवा, स्वच्छ हातमोजे घाला, बाटलीवर जागा, दिनांक, वेळ आणि पदार्थाचे नाव लिहा, आणि झाकण उघडल्यावर ते जमिनीवर किंवा ओट्यावर ठेवू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला व बाटलीच्या तोंडाला बोट लागता कामा नये.

कोणता प्रश्न विचारायचा आहे, यावर नमुना कसा घ्यायचा हे अवलंबून असते. ‘विहिरीच्या पाण्यात काय आहे?’ हा प्रश्न असेल, तर नमुना पंपाच्या शक्य तितक्या जवळून, टाकीच्या आणि गाळणीच्या आधी घ्यावा, आणि त्यापूर्वी पाणी इतका वेळ वाहू द्यावे की नळीत साचलेले जुने पाणी निघून जाईल व पाण्याचे तापमान स्थिर होईल. रोज वापरात असलेल्या विहिरीला काही मिनिटे पुरतात. बंद पडून राहिलेल्या विहिरीला बराच जास्त वेळ लागतो.

शिशासाठी नेमके उलटे करावे लागते. वाहिनीतील धातू पाण्यात उतरायला वेळ लागतो, म्हणून किमान सहा तास घरात कोठेही पाणी वापरलेले नसावे, आणि सकाळी स्वयंपाकघराच्या थंड पाण्याच्या नळातून पडणारे पहिले एक लिटर पाणी थेट बाटलीत घ्यावे. आधी नळ सोडून ठेवू नका, तोटीवरची जाळी काढू नका आणि धार मुद्दाम बारीक करू नका, कारण या तिन्ही गोष्टींमुळे शिशाचा आकडा कृत्रिमरीत्या कमी दिसतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये नमुने घेणाऱ्यांना याच स्वरूपाच्या स्पष्ट सूचना दिल्या होत्या. त्यानंतर नळ काही मिनिटे वाहू देऊन दुसरी बाटली भरावी. पहिलीत शिसे जास्त आणि दुसरीत नगण्य असेल, तर दोष बहुधा तोटीत किंवा घरातील वाहिनीत आहे. दोन्हींत जास्त असेल, तर मुख्य वाहिनीला घर जोडणारी नळी संशयित ठरते. जेथे ही जोडनळी शिशाची आहे असे ठाऊक आहे, तेथे पाठोपाठ अनेक बाटल्या भरणे अधिक चांगले, कारण त्या नळीत रात्रभर थांबलेले पाणी पहिल्या लिटरमध्ये येतच नाही. ते काही लिटर गेल्यानंतर पोहोचते.

बाष्पशील संयुगांसाठी लहान काचेची कुपी देतात. ती काठोकाठ, हळूहळू, बुडबुडे न होऊ देता भरावी आणि झाकण लावल्यावर उलटी करून पाहावी. आत हवेचा बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद समजून दुसरी भरावी, कारण बेंझिनसारखे पदार्थ पाण्यातून त्या हवेत निसटतात. इंधनाची वाफ किंवा ताजा रंग जवळ असेल तेथे हा नमुना घेऊ नये.

परवडत असेल तर दोन जादा बाटल्या पाठवा. एकीत त्याच नळाचे त्याच वेळचे पाणी वेगळ्या क्रमांकाने द्या, आणि दुसरीत प्रयोगशाळेकडूनच मिळालेले शुद्ध पाणी नमुना घेण्याच्या जागी ओतून द्या. पहिल्या जोडीचे आकडे एकमेकांशी जुळले आणि शुद्ध पाण्यात काही आढळले नाही, तर उरलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवायला भक्कम आधार मिळतो. सर्व बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून त्याच दिवशी पोहोचवा.

सहावी पायरी: अहवाल वाचणे

आधी एकके पाहा. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. एकाच अहवालात दोन्ही एकके असतील, तर सर्व आकडे एका एककात लिहून घ्या आणि मगच तुलना करा.

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मूल्ये प्रति लिटर अशी आहेत: आर्सेनिक १० मायक्रोग्रॅम, शिसे १० मायक्रोग्रॅम, कॅडमियम ३ मायक्रोग्रॅम, एकूण क्रोमियम ५० मायक्रोग्रॅम, अकार्बनी पारा ६ मायक्रोग्रॅम, युरेनियम ३० मायक्रोग्रॅम, मँगनीज ८० मायक्रोग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅम. तुमच्या देशाची कायदेशीर मर्यादा यांहून थोडी वेगळी असू शकते, म्हणून तीही शेजारी लिहा. आर्सेनिक आणि शिसे यांची मूल्ये तात्पुरती म्हणून दिलेली आहेत, कारण ती ठरवताना मोजणी व शुद्धीकरण कितपत साध्य होते याचाही विचार झाला आहे. म्हणून ९ मायक्रोग्रॅम आर्सेनिक म्हणजे निर्धोक आणि ११ म्हणजे विष, असे समजू नये.

नायट्रेटपाशी बरेच जण फसतात. काही प्रयोगशाळा ते ‘नायट्रेट’ म्हणून देतात, तर काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून. दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणले की पहिला मिळतो. अहवालात २० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन असेल, तर ते नायट्रेट म्हणून सुमारे ८९ मिलिग्रॅम होते, आणि ५० च्या मर्यादेशी घाईने तुलना करणाऱ्याला तेच पाणी सुरक्षित वाटते.

‘आढळले नाही’ याचा अर्थ शून्य असा घेऊ नका. यंत्राच्या किमान मोजणीपेक्षा कमी, एवढाच तो आहे. ती किमान मोजणी अहवालात छापलेली नसेल, तर लेखी मागून घ्या.

सातवी पायरी: मर्यादा ओलांडलेली आढळल्यास

पाणी उकळू नका. उकळल्याने जंतू मरतात, पण आर्सेनिक, नायट्रेट, फ्लोराइड आणि शिसे तसेच राहतात आणि पाण्याची वाफ झाल्यामुळे त्यांची तीव्रता उलट वाढते.

नायट्रेट जास्त असेल, तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत त्याच क्षणापासून वापरू नका. सहा महिन्यांखालील बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्यामुळे घटू शकते, आणि ओठ व त्वचा निळसर दिसू लागल्यास तात्काळ वैद्यकीय मदत घ्यावी लागते. इतर पदार्थांच्या बाबतीत दुसरा नमुना पाठवून खात्री करावी, पण ती होईपर्यंत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरे, तपासलेले पाणी वापरावे. आर्सेनिक त्वचेतून फारसे शोषले जात नसल्याने मध्यम प्रमाणातील दूषित पाण्याने अंघोळ आणि धुणे सहसा चालते.

उपचार पदार्थानुसार बदलतो, आणि सर्व काही काढणारे असे सांगून विकले जाणारे यंत्र त्या दाव्यावर घेऊ नका. साधा सक्रिय कार्बन नायट्रेट किंवा फ्लोराइड काढत नाही. फ्लोराइडसाठी सक्रिय ॲल्युमिना (फ्लोराइड शोषून घेणारे दाणे) किंवा रिव्हर्स ऑस्मोसिस (दाबाखाली सूक्ष्म पटलातून पाणी गाळण्याची पद्धत, म्हणजेच ‘आरओ’), आणि नायट्रेटसाठी आयन-विनिमय (नको असलेला क्षार धरून त्याजागी दुसरा सोडणारे माध्यम) किंवा रिव्हर्स ऑस्मोसिस वापरतात. आर्सेनिकसाठी लोहाधारित शोषक माध्यम उपयोगी पडते, परंतु प्राणवायू नसलेल्या भूजलात आर्सेनिक बहुधा त्रिसंयुजी (विद्युतभार नसलेल्या) रूपात असते आणि रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पटलातून ते बऱ्याच अंशी निसटते. त्यामुळे आधी त्याचे ऑक्सिडीकरण करून ते सहज अडवता येईल अशा रूपात आणावे लागते. शिशावर कायमचा उपाय म्हणजे ती नळी किंवा तोटी बदलणे, आणि तोपर्यंत त्या पदार्थासाठी प्रमाणित केलेली गाळणी लावून फक्त थंड पाण्याचा नळ वापरावा, कारण गरम पाण्यात शिसे अधिक उतरते.

यंत्र बसवल्यावर त्याच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन नमुने एकाच दिवशी पाठवा. शोषक माध्यमाची क्षमता संपते तेव्हा पाणी दिसायला पूर्वीसारखेच राहते, त्यामुळे पहिल्या वर्षी ही जोडतपासणी काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा करून माध्यम प्रत्यक्षात किती टिकते हे ठरवावे.

पुन्हा केव्हा तपासावे

नायट्रेट दरवर्षी तपासावे, शक्यतो एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा पाणी सर्वांत खोल गेलेले असताना. आर्सेनिक, फ्लोराइड आणि युरेनियम सहसा सावकाश बदलतात, म्हणून निर्दोष अहवालानंतर त्यांची तपासणी काही वर्षांनी केली तरी चालते. मात्र विहीर खोल केली, पंप बदलला किंवा पाण्याचा रंग, वास वा चव अचानक पालटली, तर वाट पाहू नये. वाहिनीचे काम झाल्यावर शिसे पुन्हा तपासावे, कारण हलवलेल्या जुन्या नळीतून त्याचे कण सुटतात. प्रत्येक अहवालासोबत नमुना घेतल्याची जागा, वेळ, ऋतू आणि पद्धत लिहून एकाच वहीत ठेवा. या नोंदी नसतील तर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवूनही पाणी बदलले की नमुना घेण्याची रीत, हे सांगता येत नाही.